चिठ्ठी खिशात, लोगो छातीवर

आजचा विषय तसा किरकोळ वाटेल: जुगाराच्या वेबसाइटचं नाव छापलेले टी-शर्ट, टोप्या, हुडी आणि कॉफीचे मग. एखादी वेबसाइट पैसे लावून खेळवते, तिथं माणसं हरतात-जिंकतात, हे आपल्याला माहीत असतं. पण तीच वेबसाइट टी-शर्ट का विकते? किंवा फुकट का वाटते? आणि तो अंगात घालून मिरवणारे लोक तिला मिळतात तरी कसे? आज आपण एवढाच प्रश्न घेऊ. पाऊण तासात तो सुटला नाही तरी त्याची गाठ कुठं आहे ते नक्की सापडेल.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. १९६० च्या दशकापासून इथं मटका जोरात होता. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावं आपल्या आधीच्या पिढीला पाठ होती. गिरणगावातल्या चाळींतून रोज आकडे लागायचे. पण विचार करा, मटका खेळणारा माणूस त्याची चिठ्ठी कुठं ठेवायचा? खिशात, घडी करून, घरच्यांना दिसू नये अशी. भगत किंवा खत्रीच्या नावाची टोपी घालून कोणी नाक्यावर उभा राहिल्याचं कधी ऐकलंय? नाही. मटक्याला गिऱ्हाईक होतं, भरपूर होतं. पण मटक्याला ‘फॅन’ नव्हते.

गिऱ्हाईक आणि फॅन यांतला फरक आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. किराणा दुकानदारानं दोनदा मापात मारलं, तर तिसऱ्यांदा आपण शेजारच्या दुकानात जातो. गिऱ्हाईक तोटा झाला की निघून जातं. फॅनचं तसं नसतं. आपला संघ सलग पाच सामने हरला म्हणून कोणी संघ बदलतं का? उलट, हरताना सोबत राहिलो याचाच अभिमान वाटतो. आता जुगाराचा धंदा बघा. त्याचं गणितच असं आहे की बहुतेक खेळणारे बहुतेक वेळा हरणार. म्हणजे ज्याचा तोटा ठरलेला आहे, असा माणूस टिकवायचा आहे. त्याला गिऱ्हाईक ठेवलं तर तो जाईल. फॅन केलं तर थांबेल. टी-शर्टचं काम इथं सुरू होतं.

हे काम सगळ्यात स्पष्ट दिसलं ते ऑनलाइन पोकरमध्ये. पोकरस्टार्स ही वेबसाइट २००१ मध्ये सुरू झाली. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकन हिशेबनीस (आडनाव खरंच मनीमेकर!) या वेबसाइटवरच्या छोट्या पात्रता स्पर्धेतून लास व्हेगासच्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरला पोचला आणि मुख्य स्पर्धा जिंकला. बक्षीस होतं २५ लाख डॉलर. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ जण उतरले होते. पुढच्या वर्षी २,५७६, मग ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३. हे सगळं टीव्हीवर दिसत होतं. खेळाडूंच्या टोप्यांवर आणि शर्टांवर वेबसाइटची नावं होती. घरी बसून बघणाऱ्याला वाटायचं, हा माझ्यासारखाच साधा माणूस आहे. तशी टोपी आपल्याकडेही असावी असं वाटायला मग कितीसा वेळ लागतो?

टोपी मिळायची सोय होतीच. पोकरस्टार्सवर खेळलं की गुण जमायचे. त्या गुणांवर साइटच्याच दुकानातून कपडे, पुस्तकं, वस्तू घेता यायच्या. लोक म्हणायचे, फुकट मिळाली. फुकट म्हणजे काय, ते जरा हिशेब करून बघू.

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. साइट स्वतः पत्ते खेळत नाही. ती डावात मधे जमलेल्या पैशांतून थोडा वाटा कापून घेते. त्याला ‘रेक’ म्हणतात. कोणीही जिंको, साइटचा वाटा निघालेला असतो. गुण मिळायचे ते याच कापलेल्या पैशांच्या प्रमाणात. समजा, कापलेल्या दर पाच रुपयांमागे एक रुपया गुणांच्या रूपात परत मिळतो. हे आकडे समजण्यापुरते आहेत, पण रचना हीच. मग हजार रुपयांची हुडी ‘फुकट’ मिळवायला साइटकडे आपले पाच हजार गेलेले असतात. आणि हे फक्त कापलेले पैसे झाले. डावात हरलेले वेगळे.

गंमत पुढं आहे. हरलेले पैसे दिसत नाहीत, हुडी दिसते. महिनाभरात काय झालं असं कोणी विचारलं, तर दाखवायला हातात काहीतरी असतं. आपल्याकडे जत्रेत रिंग टाकून साबणाची वडी जिंकलेला माणूस रिंगांवर किती पैसे गेले ते सांगत नाही, साबण दाखवतो. तेच हे. शिवाय साइटनं पायऱ्या केल्या होत्या: ब्रॉन्झस्टार, सिल्व्हरस्टार, गोल्डस्टार, प्लॅटिनमस्टार आणि त्याच्याही वर सुपरनोव्हा. जास्त खेळाल तर वर चढाल, थांबलात तर खाली याल. म्हणजे जास्त रेक भरणारा माणूस मोठा गिऱ्हाईक न राहता वरच्या दर्जाचा सदस्य झाला. खर्चाला हुद्द्याचं नाव मिळालं.

आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेत ऑक्टोबर २००६ मध्ये बेकायदा इंटरनेट जुगाराचे पैसे बँकांमार्फत फिरवण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. टीव्हीवर जाहिरात करणं तर त्याआधीपासूनच अडचणीचं होतं. यावर कंपन्यांनी एक साधी युक्ती वापरली. खऱ्या पैशांची साइट ‘डॉट कॉम’ आणि खोट्या चिपांवर सराव करायची साइट ‘डॉट नेट’. जाहिरातीत आणि कपड्यांवर छापायचं ते डॉट नेट. नाव तेच, चिन्ह तेच, रंग तेच, शेवटची तीन अक्षरं फक्त वेगळी. बघणाऱ्याच्या डोक्यात काय राहणार ते सांगायला नको.

याच काळात फुल टिल्ट पोकर नावाची साइट फार लोकप्रिय होती. २००४ मध्ये सुरू झालेली. नामांकित खेळाडू तिचे चेहरे होते, काही जण तर मालकांपैकीच होते. तिच्याही टोप्या आणि जर्सी लोक हौसेनं घालायचे. १५ एप्रिल २०११ या दिवशी अमेरिकी सरकारनं पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि आणखी एका मोठ्या साइटशी संबंधित लोकांवर खटले भरले आणि त्यांचे वेब पत्ते ताब्यात घेतले. पोकरस्टार्सनं अमेरिकेतल्या खेळाडूंचे पैसे लवकर परत केले. फुल टिल्टला ते जमलं नाही. अमेरिकी न्याय विभागाच्या म्हणण्यानुसार, त्या वर्षी मार्चअखेरीस जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर साइटकडे जमा असायला हवे होते आणि बँकेत होते जेमतेम ६ कोटी. पुढं पोकरस्टार्सनं सरकारशी तडजोड करून फुल टिल्ट घेतली. तरी अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे मिळायला सुरुवात व्हायला २०१४ उजाडलं.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. ज्या माणसाकडे जर्सी होती, त्याचेच पैसे अडकले होते. संघाच्या फॅनला संघाकडून पैसे येणं नसतं. इथं फॅन हा घेणेकरी होता, आणि त्याला ते तीन वर्षं रोज आठवत होतं. बँकेच्या नावाचा टी-शर्ट घालून आपण फिरत नाही, म्हणून बँकेकडे संशयानं बघू शकतो. छातीवर नाव आलं की संशय घेणं अवघड होतं, कारण मग तो स्वतःवरच घ्यावा लागतो.

अमेरिकेत साइटनं स्वतःचे फॅन घडवले. इंग्लंडमध्ये याहून सोपी वाट निघाली: तयार फॅन विकत घ्यायचे. फुटबॉल क्लबला पैसे द्यायचे आणि शर्टाच्या मधोमध आपलं नाव लावायचं. २००२-०३ च्या हंगामात फुलहॅमच्या शर्टावर बेटफेअर आलं. २०२४-२५ पर्यंत प्रीमियर लीगच्या २० पैकी ११ क्लबांच्या शर्टावर पुढं जुगार कंपनीचं नाव होतं. यात खरी मेख बघा. क्लबचा शर्ट फॅन स्वतः पैसे देऊन विकत घेतो. म्हणजे जाहिरातीचा फलक जाहिरात पाहणाराच विकत घेतो आणि स्वतःच्या अंगावर टांगतो.

लहान मुलांचं काय? २००७ च्या उद्योगाच्याच आचारसंहितेत ठरलं की मुलांसाठीच्या कपड्यांवर जुगार कंपनीचं चिन्ह नको. त्यामुळे मुलांच्या मापाच्या शर्टावर ती जागा कोरी असते. चांगलं आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला काय हवं असतं? त्याच्या हिरोनं घातलाय तस्साच शर्ट. कोरा शर्ट ‘लहान मुलांचा’ आणि लोगोवाला ‘खरा’. मोठं होण्याची खूणच ती झाली. एप्रिल २०२३ मध्ये क्लबांनी मिळून ठरवलं की २०२५-२६ चा हंगाम संपला की शर्टाच्या पुढच्या बाजूवर जुगार कंपन्या नकोत. बाहीवर मात्र चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ नावाची सोय आहे. जुगार सोडू इच्छिणारा माणूस तिथं एकदा नाव नोंदवतो आणि परवानाधारक सगळ्या साइट त्याच्यासाठी बंद होतात. त्याला जाहिरातीचे ईमेल, मेसेज पाठवायचीही मनाई असते. खातं बंद करता येतं, मेसेज थांबवता येतात. पण कपाटातल्या शर्टाचं काय करायचं? शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राच्या शर्टाचं? तिथं कोणतीच नोंदणी पोचत नाही. दारू सोडणाऱ्याच्या घरातून बाटल्या काढता येतात. ज्याचा लाडका संघच ते नाव घालून खेळतो, त्यानं काय काढावं?

शेवटी परत आपल्याकडे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना आणि डिजिटल माध्यमांना बजावलं की परदेशी बेटिंग साइट बातम्यांच्या वेबसाइटच्या नावाआडून जाहिरात करत आहेत आणि दोन्हींची चिन्हं कमालीची सारखी आहेत. डॉट नेटचीच युक्ती, नवा कपडा घालून आलेली. ड्रीम इलेव्हनची गोष्ट वेगळी, ती आडून नव्हती. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो कौशल्याचा खेळ मानला होता, आणि २०२३ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर ते नाव उघड होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं नवा कायदा केला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सप्टेंबरच्या आशिया चषकात आपला संघ छातीवर प्रायोजकाशिवाय, फक्त ‘इंडिया’ लिहिलेल्या जर्सीत खेळला. मग टायरच्या एका कंपनीचं नाव आलं.

संघाची जर्सी काही आठवड्यांत बदलली. पण त्याआधीच्या दोन वर्षांत घरोघरी आलेल्या, फुटपाथवरून दोन-तीनशेला घेतलेल्या जर्सींचं काय? त्या आजही वाळत घातलेल्या दिसतील. त्या जाळा असं आमचं म्हणणं नाही. कापडाचा दोष नाही, आणि घालणाऱ्याचाही नाही. त्यानं प्रेम क्रिकेटवर केलं होतं.

म्हणणं एवढंच आहे. घरात पोरगं एखाद्या साइटची टोपी घेऊन आलं, तर ‘जुगार वाईट’ हे व्याख्यान देऊ नका. व्याख्यानं द्यायला आम्ही आहोत! त्याला शेजारी बसवा आणि दोन प्रश्न विचारा. ही टोपी तुला कितीला पडली, हरलेले पैसे धरून? आणि हे दुकान तुला रोज तोट्यात घालत असतं, तर तू ते कधीच बदललं असतंस ना, मग हे का नाही बदलत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मांडता येतं. दुसऱ्याचं मांडता येत नाही, असं त्याच्या लक्षात आलं की निम्मं काम झालं.

मटक्याची चिठ्ठी लपवणाऱ्याला आपण काय करतोय हे ठाऊक होतं. ते ठाऊक असणंच या टोपीनं काढून घेतलं आहे. ते परत मिळवायचं आहे.