जेलीफिशच्या उजेडामागे

जेलीफिश का उजळते, एवढं कळावं म्हणून कोणी दहा हजार जेलीफिश पकडील का? ओसामु शिमोमुरा यांनी पकडल्या! 1961 चा उन्हाळा, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं फ्रायडे हार्बर. डिवचली की कडेला हिरवी उजळणारी जेलीफिश तिथे ढिगाने मिळे. त्यातून औषध निघेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

आणि हा माणूस ठरवून संशोधक झालाच नव्हता. 1945 मध्ये नागासाकीजवळ अणुबाँबच्या झोताने सोळा वर्षांच्या या मुलाला काही क्षण दिसेनासं झालं. युद्धानंतर प्रवेश मिळाला तो औषधनिर्माणशास्त्राला, ज्याची त्याला आवडच नव्हती. पुढे नागोयात हिराता सरांनी काम दिलं: समुद्रात निळा उजेड सोडणाऱ्या एका इवल्या कवचधारी जीवाचं प्रकाशद्रव्य शुद्ध करून त्याचे स्फटिक मिळवायचे. महिनोन्‌महिने काही जमेना. 1956 मध्ये एका रात्री शिमोमुरांनी द्रावणात तीव्र आम्ल घालून ठेवलं. सकाळी पाहतात तो लाल स्फटिक! मला वाटतं, माणूस संशोधनाला कायमचा बांधला जातो तो अशाच एखाद्या सकाळी. आजवर कोणीच न पाहिलेलं काहीतरी आपल्या नळीच्या तळाशी दिसतं, त्यापुढे पगार काय नि पद काय!

जेलीफिशने मात्र छळलं. प्रकाशद्रव्य वेगळं काढायचं, तर आधी त्याचं उजळणं थांबवायला हवं. नाहीतर काढता काढताच ते खर्चून जातं. होडीत बसून विचार करताना सुचलं, आम्लता वाढवून बघू. उजेड खरंच थांबला! उरलेलं द्रावण त्यांनी सिंकमध्ये ओतलं, तर सिंक निळ्या लखलखाटाने उजळून निघालं. का? मत्स्यटाक्यांतलं समुद्राचं पाणी तिथेच वाहून येत होतं, आणि त्यातल्या कॅल्शियमने उजेड पेटवला होता.

पण थांबा. जेलीफिश तर हिरवी उजळते! हा हिरवा कुठून आला? शुद्धीकरणात बाजूला पडलेलं दुसरंच प्रथिन निळा प्रकाश शोषून हिरवा सोडत होतं. 1962 च्या शोधनिबंधात त्याच्या वाट्याला एक तळटीप आली.

1994 मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी त्या प्रथिनाचं जनुक एका इवल्या कृमीत घातलं, आणि जिवंत कृमीच्या चेतापेशी हिरव्या उजळल्या! गाईच्या गळ्यात घंटा बांधावी तसं हे प्रथिन आज हव्या त्या पेशीला जोडता येतं. प्रयोगशाळेतल्या उंदरात कर्करोगाची पेशी कुठे सरकली, तेही दिसतं. 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळालं. शिमोमुरा त्याआधी कित्येक उन्हाळे बायकामुलांसह त्याच किनाऱ्यावर जाळी घेऊन उतरत होते. उजेड देणाऱ्या रेणूची नेमकी रचना त्यांना हवी होती.