घाट, गिअर आणि गाडीची टुकटुक

परीक्षा आटोपून सुट्ट्या लागल्या की आपल्या भागातल्या घरांतून एक वाद हमखास रंगतो. गोव्याला जायचं ते चोर्ल्यावरून, अनमोडवरून की आंबोलीवरून? आमच्या घरात प्रत्येक घाटाला एकेक वकील आहे. बाबा आंबोलीचे, दादा चोर्ल्याचा, आणि हुबळीकडची आमची वहिनी 'रेल्वेनं जाऊ या की' या पक्षाची. अलीकडे या वादात एक नवा मुद्दा शिरला आहे. गाडी कोणाची न्यायची, आणि तिच्यात काय काय 'फीचर' आहेत?

पन्नाशी उलटलेल्यांच्या तोंडी त्यावर एक वाक्य ठरलेलं असतं. 'गाडी चालवण्यातली मजाच गेली हो आता!' मीही त्याच वयाची, आणि तीस वर्षं गाडी चालवते आहे. तेव्हा ही मजा नेमकी कशात होती आणि ती कुठे गेली, हे जरा नीट बघावंसं वाटलं.

बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती. सगळे तिला फियाटच म्हणत. गिअरची दांडी स्टिअरिंगला लागून, आणि स्टिअरिंगला 'पॉवर' नावाची काही मदत नाही. आंबोलीच्या वळणावर ते फिरवायचं म्हणजे खांद्यापासून जोर लावावा लागे. चढावर इंजिन तापलं की गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, वाफ जाईपर्यंत थांबायचं आणि मग कॅनमधलं पाणी ओतायचं. घाट सुरू झाला की बाबांशी कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. ते कानानं गाडी चालवत. इंजिनाचा आवाज जड झाला की हात आपोआप गिअरकडे जाई. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी ऐकलं असेन. सावंतवाडीला पोचेपर्यंत त्यांचा सदरा भिजलेला, पण चेहरा मात्र कुस्ती मारून आलेल्या पैलवानासारखा!

ही मजा बाबांची होती. आईची नव्हती. मागच्या सीटवर ती लिंबू हुंगत डोळे मिटून बसलेली असे. आम्ही भावंडं आवळासुपारी चघळत प्लॅस्टिकच्या पिशव्या धरून. जुन्या गाड्यांची थोरवी गाणारे बहुतेक जण स्टिअरिंगवर बसलेले होते, हे आपण विसरतो.

मी शिकले मारुती ८०० वर. १९८३ साली ती गाडी आली आणि २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात आपल्याकडच्या किती बायकांना तिनं हाताशी धरलं असेल! हलकी गाडी, छोटी गाडी, आणि ट्रक अंगावर आला तर वाचवणारं तिच्यात फारसं काही नव्हतं हेही खरं. चढावर थांबलेली गाडी मागे न सरकू देता पुढे काढणं, म्हणजे हँडब्रेक ओढून हाफ क्लचवर इंजिनाची थरथर पायाला जाणवेपर्यंत धीर धरणं, ही तिच्यावर शिकलेली विद्या. ज्या दिवशी ते जमलं, त्या दिवशी आपण ड्रायव्हर झालो असं वाटलं होतं. आताच्या गाडीत ब्रेकवरून पाय काढला तरी ती दोनेक सेकंद स्वतःच ब्रेक धरून ठेवते. तेवढ्यात ऍक्सिलरेटर दिला की झालं.

मग तीन वर्षांपूर्वी डावा गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी क्लच कमी करा म्हणून सांगितलं. गोगटे सर्कलच्या गर्दीत क्लच कमी कसा करायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. गाडी सोडायची, की ऑटोमॅटिक घ्यायची, एवढे दोनच रस्ते उरले. ऑटोमॅटिक घेतली. गिअर बदलण्यातला आनंद गेला म्हणून हळहळणाऱ्यांना मी एवढंच सांगते की माझा गाडी चालवण्याचाच आनंद त्यामुळे शिल्लक राहिला.

तरीही काही गोष्टी खटकतात. आताचं स्टिअरिंग विजेच्या मोटारीवर हलकं होतं. एका बोटानं गाडी वळते, पण खाली रस्ता खडबडीत आहे की ओला, हे हाताला पूर्वीसारखं कळत नाही. शिवाय गाडी सारखी बोलते. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना वेगाची सूचना सक्तीची आहे. ताशी ८० च्या वर अधूनमधून टुक, १२० च्या वर सलग टुकटुक. पट्टा लावला नाही तर वेगळी टुकटुक. वहिनीच्या आई मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ''गाडीला सासूच बसवलीय की आत!'' आणि वर मला, ''गडबड इल्ल, सावकाश होगव्वा.'' सावकाश हा शब्द दोन्ही भाषांना सारखाच लागू, त्यामुळे त्यांची टुकटुक मला जास्त चांगली समजते.

आमच्या गाडीत ती नवी व्यवस्थाही आहे. काचेमागे कॅमेरा, पुढच्या जाळीत रडार. पुण्याच्या रस्त्याला लागलं की तिचा उपयोग पटतो. हत्तरगी, कोगनोळी, किणी असे नाके ओलांडत जाताना पुढच्या गाडीशी ठरावीक अंतर राखून ही गाडी आपणच वेग कमी-जास्त करते. तीन-चार तासांच्या प्रवासानंतर उतरलं की पाय दुखत नाहीत, डोकं शांत असतं. त्या सरळसोट रस्त्यावर गाडी चालवण्यात मजा पूर्वीही नव्हती. कंटाळा यंत्राकडे गेला तर जाऊ दे!

आपल्या आतल्या रस्त्यांवर मात्र या बाई गोंधळतात. जांबोटीच्या पुढे जंगलात कॅमेऱ्यानं पांढरे पट्टे शोधायचे कुठे? जिथे पट्टे आहेत तिथे सायकलवाल्याला जागा द्यायला आपण बाजूला झालो, की स्टिअरिंग हळूच उलटं ओढतं. इंडिकेटर दाखवून सरकलं तर ओढत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि आंबोलीच्या दाट धुक्यात, जिथे खरी मदत हवी, तिथे समोर अक्षरं उमटतात की कॅमेऱ्याला दिसत नाही, सेवा बंद! गाडीच्या पुस्तिकेतही हे स्पष्ट छापलं आहे. हंगामात निपाणी-संकेश्वरकडे रात्री निघणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावं. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली आपल्या आधी यंत्रालाच दिसेल, या भरवशावर राहू नये.

मला खरी हळहळ वाटते ती मैलाच्या दगडांची. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा, हे बाबांनी आम्हाला खिडकीतून दाखवलं. कन्नड अक्षरं मी शाळेआधी पाट्यांवर वाचली. एकाच रस्त्यावर कन्नड पाटी संपून मराठी पाटी लागली की आम्ही टाळ्या पिटायचो. आता दिशा सांगायला पडदा आहे आणि मुलांची नजर त्यावर. कणकुंबी आली, इथे मलप्रभा उगम पावते, हे पडद्यावरचा निळा बाण सांगत नाही. ते घरातल्या कुणीतरी सांगावं लागतं.

गेल्या डिसेंबरात सावंतवाडीहून आंबोलीमार्गे परतत होतो. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. नजर कमी झाल्यापासून त्यांनी स्वतःच गाडी सोडली आहे, आणि तेव्हापासून प्रवासात ते गप्प असतात. शेजारी बसले होते. चढ सुरू झाला तसे म्हणाले, ''हिचं काही ऐकूच येत नाही गं. चाललीय कितव्यात?'' मलाही ठाऊक नव्हतं. दांडी बाजूला सरकवून हातानं गिअर निवडायची सोय आमच्या गाडीत आहे, ती मी तोवर कधी वापरली नव्हती. ती लावली, गाणी बंद केली, काच थोडी खाली घेतली. बाबा सरसावून बसले. ''दुसरा घे. आत्ता नाही, वळण येऊ दे... हां, आता.'' पुढचा सगळा घाट ते आकडे सांगत होते आणि मी बदलत होते. एकदा मी त्यांच्या आधीच बदलला, तर नुसते हुं म्हणाले. समोरून उतरणाऱ्या एका पाहुण्या गाडीच्या ब्रेकचा करपट वास आला, तेव्हा म्हणाले, ''वरपासून ब्रेकवर उतरलाय. तू उतरताना असंच खालचा गिअर लावून उतरत जा, हिला ऑटोमॅटिक म्हणत असले तरी.'' मागे आई जागी होती. लिंबू पिशवीतच राहिलं होतं.

आता घरात नवा वाद आहे. माझी लेक यंदा गाडी शिकते आहे. वहिनी म्हणते, ऑटोमॅटिकवरच शिकू दे, उद्या सगळ्या गाड्या तशाच येणार, विजेच्या गाडीला तर क्लच नसतोच. बाबांचं म्हणणं, आधी क्लच, मग काय हवं ते. तूर्त रविवारी सकाळी दादाच्या जुन्या गाडीत मधे दादा, मागे बाबा असा... छे, चुकीची जागा सांगितली तर बाबा रागावतील. शेजारी दादा, मागे बाबा. लेक जांबोटी रस्त्यावर चार चढ करून येते. परवा दोनदा बंद पडली म्हणाली. बाबांना विचारलं तर म्हणाले, तीनदा.