ढोलकीवाल्याला तबलाही यावा

संगीत बारीच्या, म्हणजे गाण्या-नाचावर चालणाऱ्या तमाशाच्या, पार्टीत वाजवणारी माणसे मोजकीच असतात. पेटीवाला आणि ढोलकीवाला हवेतच, तबलजी परवडला तर. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुल्याला कला केंद्रे आहेत. अशा केंद्रात एकाच आवारात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि प्रत्येकीची मालकीण बहुधा स्वतः गाणारी किंवा नाचणारी बाई असते. मिळकतीतून आधी केंद्राचा वाटा जातो, उरलेल्यात साऱ्या पार्टीचे भागवायचे. जादा वादक म्हणजे जादा तोंड. त्यामुळे उभ्याच्या लावणीला ढोलकी कडाडून वाजवणाऱ्याने बैठकीच्या लावणीला तबलाही सांभाळावा, ही मालकिणीची अपेक्षा हिशेबातून आलेली आहे. ती पुरी करणे मात्र सोपे नाही. ढोलकीची थाप उघडी आणि चढी, तर बैठकीत अदेमागे राहणारा, दबता ठेका लागतो. ढोलकी चांगली वाजवणारे पुष्कळ भेटतात. हात आवरणारे थोडे.

पेटीवाल्याची परीक्षा वेगळी. फर्माईश लावणीचीच येईल असे नाही, गझल येते, नवे सिनेगीतही येते. गाणारीच्या पट्टीत चाल तत्काळ उचलणारा पेटीवाला मालकीण सहसा हातचा जाऊ देत नाही.

ढोलकी-फडाचा तमाशा याच्या उलट चालतो. शिरूर भागातल्या गावजत्रांना येणारे हे फड मोठे. नारायणगाव हे त्यांच्या सुपाऱ्यांचे प्रमुख ठिकाण. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरतो. वादकाला हंगामाची उचल आधीच दिलेली असते, म्हणून निवड चुकली तर ती हंगामभर भोगावी लागते. इथे दोन वाद्ये येणाऱ्यापेक्षा एकच वाद्य रात्रभर ताकदीने वाजवणारा हवा असतो. खेळ ढोलकी-हलगीच्या जुगलबंदीने उभा राहतो, तेव्हा ढोलकीवाला पारखायचा तो हलगीवाल्यासमोर बसवूनच. हलगी गारठ्यात उतरते. ती शेकून वेळेवर चढवणे हेही हलगीवाल्याचेच काम. तुणतुणे आणि झांज यांसाठी वेगळा वादक सहसा ठेवत नाहीत. ती मागे झील धरणाऱ्या सुरत्यांच्या हाती असतात, पण सुरत्याला मुख्यतः गळा लागतो.

रंगबाजीत, म्हणजे तमाशातल्या गाण्या-नाचाच्या भागात, सिनेगीतांचा भरणा वाढला तसे कॅसिओ आणि ऑक्टोपॅड फडात आले. पेटीवाल्याकडून कॅसिओचीही अपेक्षा होऊ लागली. मुंबईच्या जुन्या नृत्यबँडांतही सॅक्सोफोनवाल्याला क्लॅरिनेट यावे लागे. पण त्या बँडांतल्या, गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेल्यांना असा पालट तुलनेने सोपा जाई. तमाशातला वादक बहुधा घरातच, कानावर शिकलेला असतो, आणि दुसरे वाद्य त्याला हंगाम चालू असतानाच उचलावे लागते. ऑक्टोपॅडवर ढोलकीचे आवाज निघतात. तरी गण-गवळणीला आणि लावणीला कातड्याचीच ढोलकी लागते, कारण नाचणारीच्या पायाकडे पाहून ठेका ऐनवेळी वळवायचा असतो.