बढती काढताना आधी विचारावं लागतं

हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यावर जिल्हा परिषदेचे गुरुजी, तलाठी आणि रेल्वेचा माणूस एकाच बाकावर चहा घेतात. बढती रद्द झाल्याचा विषय निघाला की एकच वाक्य येतं: ‘चूक ऑफिसची होती, त्यांनी सुधारली, आपल्याला कशाला विचारतील?’

विचारावंच लागतं. भगवान शुक्ला रेल्वेत ट्रेन्स क्लार्क होते, १९७० मध्ये गार्ड झाले. मूळ वेतन १९० रुपये ठरलं. १९९१ मध्ये रेल्वेनं ते १८१ केलं, तेही १९७० पासून. कारण काय, तर आधीची निश्चिती चुकली होती. नोटीस नाही, विचारणा नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये हा आदेश रद्द केला. नऊ रुपयांसाठीसुद्धा माणसाचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं, मग बढती काढताना तर हवंच. प्रशासकीय आदेशानंही कुणाचं नुकसान होणार असेल तर नैसर्गिक न्याय पाळावा लागतो, हे डॉ. बिनापाणी देई यांच्या खटल्यात १९६७ सालीच ठरलं होतं.

मात्र सुनावणी मिळाली म्हणजे बढती वाचलीच, असं नाही. सेवाज्येष्ठता यादी किंवा बिंदुनामावली (आरक्षणाचं रोस्टर) खरोखर चुकली असेल, तर खुलासा वाचून, कारणं लिहून बढती काढता येते. सुनावणी तोंडीच हवी असंही नाही. पण नोटिशीत नेमकं कारण आणि उत्तराला पुरेसा वेळ हवाच. नोटीस घेतली म्हणजे आरोप मान्य केला, ही भीती निराधार आहे. पोच देताना सहीखाली तारीख घाला.

तदर्थ बढतीचं तसं नाही. तिच्यावर हक्क बसत नाही, मूळ पदावर परत पाठवणं ही एरवी शिक्षा ठरत नाही. गैरवर्तनाचा ठपका ठेवून खाली आणलं, तर मात्र राज्य व केंद्राच्या कर्मचाऱ्याला घटनेच्या कलम ३११(२) चं संरक्षण आहे. रीतसर चौकशी लागते.

आणि वसुली? वरच्या पदाचं काम करून घेतलं आणि त्याचा पगार दिला, तर तो परत मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं रफिक मसीह निकालात २०१४ मध्ये सांगितलं आहे.

दाद कुठे मागायची, इथे बाकावरचे तिघे वेगळे होतात. तलाठ्यानं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या (मॅट) छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) खंडपीठात, रेल्वेच्या माणसानं केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात (कॅट), गुरुजींनी उच्च न्यायालयात. खात्यातलं अपील आधी करावं. मॅट आणि कॅटची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. विनंतीअर्जावर अर्ज देत राहिल्यानं ती वाढत नाही.