जुन्या पद्मिनीचे दार आणि कोकणचा पाऊस

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांचे मुंबईशी जुने नाते आहे. कुणी गोदीत, कुणी जहाजावर, कुणी टॅक्सी चालवून घर उभे केले. त्या कमाईतून गावी जी पहिली गाडी आली ती अनेकदा प्रीमियर पद्मिनी होती. तळेऱ्याच्या तिठ्यावरून एक रस्ता वैभववाडीमार्गे कोल्हापूरकडे, एक विजयदुर्गाकडे जातो. या रस्त्यांवर आता पद्मिनी क्वचितच दिसते. ज्या उरल्या आहेत त्यातल्या बऱ्याच पडवीत ताडपत्रीखाली उभ्या आहेत.

आमच्या घरीही मरहूम अब्बांची अशी एक पद्मिनी आहे. इंजिन ठीक, पण चारही दारांची आतली पॅनेले फुगून, खालून कुजून लोंबत होती. ती बदलताना जे कळले ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आधी हिस्सा, मग खर्च

वडिलांची गाडी ही एका मुलाची नसते. त्यात आईचा, भावांचा आणि बहिणींचाही हिस्सा असतो. घर-जमिनीच्या वाटपात बहिणींना विचारले जाते, पण गाडी, शिलाई मशीन, हत्यारे अशा वस्तू ज्याच्या ताब्यात त्याच्याच होऊन बसतात. म्हणून पैसा घालण्यापूर्वी आम्ही सगळे अम्मीजवळ बसलो. रत्नागिरीहून आलेल्या आपा म्हणाल्या, “विकायची नसेल तर नका विकू. पण उभी सडवायचीही नाही.” त्यांच्या हिश्शाची रक्कम ठरली आणि मगच काम हाती घेतले.

कागदांचेही असेच आहे. मालकाचे निधन झाल्यास वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. ही कामे अर्धवट असतील तर नवे रेक्झिन लावूनही गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

पॅनेल मिळणार कुठे?

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी सुरू झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटचे ११०० डी हे मॉडेल १९६४ पासून तयार होऊ लागले. पुढे त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. या शतकाच्या सुरुवातीला उत्पादन थांबले. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही सेवेतून गेली. त्यामुळे आता कंपनीचा माल मागण्यात अर्थ नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग शोधता येतात, पण तिथून मिळालेले पॅनेलही पुष्कळदा आपल्यासारखेच भिजलेले असते. गावच्या सीट-कुशनवाल्या कारागिराकडून नवे करून घेणे हा सरळ मार्ग.

पाणी येते कुठून?

पॅनेल म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा पुठ्ठा आणि त्यावर रेक्झिन. काचेवर पडलेले पावसाचे पाणी काचेच्या कडेने दाराच्या पोकळीत उतरतेच. बाहेरची रबर-पट्टी कडक झाली की ते जास्त उतरते. ते खाली वाहून जावे म्हणून दाराच्या तळाला छोटी भोके असतात, आणि पुठ्ठ्याला ओल लागू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो. भोके मातीने बुजली किंवा पडदा फाटला की पुठ्ठा पाणी पितो. आमच्या गाडीत पूर्वी कुणीतरी पडदा काढला होता आणि परत लावलाच नव्हता. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. असे दार इथे किती टिकणार?

काम कसे करावे?

काच पूर्ण वर करा. आधी हात टेकायच्या दांडीचे स्क्रू, मग काच फिरवायचे हँडल आणि दार उघडायचा खटका काढा. प्रत्येक दाराचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा. पॅनेलच्या कडांना आतून स्प्रिंगच्या क्लिपा असतात. चपटी पट्टी फडक्यात गुंडाळून नेमकी क्लिपेजवळ घाला आणि हलकेच उचला. मधूनच ओढले तर पुठ्ठा फाटतो, आणि फाटला तरी तो फेकू नका. नव्याचा नमुना तोच आहे.

आता तळाची भोके सायकलच्या तारेने मोकळी करा. काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि ते खालून बाहेर येते का पाहा. गंज तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड लावा, वर रंग द्या, दार पूर्ण सुकू द्या. काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला ग्रीस लावायची वेळ हीच.

नवे पॅनेल पुठ्ठ्याऐवजी पाण्यात टिकणाऱ्या पातळ प्लायचे करावे, पण जाडी जुन्याइतकीच हवी, नाहीतर क्लिपा बसत नाहीत. डाव्या दाराचा आकार उलटा केला की उजव्याचा मिळतो. आमच्या भाच्यांनी हे आखून पाहिले तेव्हा भूमितीतली आरशातली प्रतिमा त्यांना वेगळी शिकवावी लागली नाही. कापल्यावर दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना व्हार्निश द्या, कारण ओल कडेतूनच शिरते. रेक्झिन चिकटवताना गोंद प्लाय आणि रेक्झिन दोन्हींना लावून थोडा सुकू द्यावा. त्याचा वास उग्र असतो, म्हणून काम उघड्यावर करा, लहान मुलांना लांब ठेवा. पावसाळी दमट हवेत गोंद नीट धरत नाही. दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंतचा काळ बरा.

पॅनेलआधी प्लॅस्टिकचा पडदा लावायला विसरू नका. कडा चिकटपट्टीने बंद करा, पण खालची कड दाराच्या पोकळीत आत खोचा, म्हणजे पाणी पडद्यावरून परत दारातच पडेल. कड बाहेर राहिली तर तेच पाणी पॅनेलवर येते. मग क्लिपा भोकांसमोर आणून एका कोपऱ्यापासून तळहाताने ठोकत चला. एखादी जात नसेल तर जोर न लावता भोक तपासा. स्क्रू जुन्याच लांबीचे घ्या, लांब स्क्रू आत काचेला लागू शकतो. शेवटी काच दोन-तीनदा पूर्ण खाली-वर करून पाहा.

कारागिराकडे काम दिले तरी पडदा लावताना आणि भोके साफ करताना जवळ उभे राहा. पॅनेल बसल्यावर हे काही दिसत नाही. पैसे पूर्ण देण्याआधी दारावर पाणी ओतून दाखवायला सांगा. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर पॅनेलच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. कोरडे लागले तर काम नीट झाले. ओले लागले तर तेवढे एक दार पुन्हा उघडा. तेव्हा काम थोडे असते.