परदेशस्थ वार्ताहराचे व्याख्यान : पाहिलेले, ऐकलेले आणि ताडलेले



सत्कारसमारंभाचा किंवा वार्षिक सभेचा वृत्तांत लिहिताना वक्ता काय बोलला ते नेमके टिपले की बरेचसे काम होते. परंतु परदेशात हयात घालवलेला एखादा ज्येष्ठ वार्ताहर चीनच्या राजकारणावर जाहीर व्याख्यान देत असेल, तर एवढ्याने भागत नाही. त्याच्या बोलण्यात स्वतः पाहिलेले, कोणीतरी सांगितलेले आणि त्या दोहोंवरून ताडलेले असे सारे मिसळलेले असते. व्यासपीठावरून ते एकाच सुरात कानी पडते. त्यातले काय कोणत्या प्रकारचे आहे, हे ओळखण्याचे काम तुमचे.

चीनच्या बाबतीत ताडलेल्याचा वाटा मोठा असतो. तेथील महत्त्वाचे निर्णय पक्षाच्या मूठभर नेत्यांच्या बंद दालनात होतात आणि वृत्तपत्रे पक्षाच्या अधीन असतात. त्यामुळे छायाचित्रात कोण कोणाच्या शेजारी उभा आहे, नावांच्या यादीत कोण वर सरकला, कोण दिसेनासा झाला, यांवरून वार्ताहराला राजकारण वाचावे लागते. माओंचे घोषित वारसदार लिन ब्याव १३ सप्टेंबर १९७१ रोजी मंगोलियात विमान कोसळून मरण पावले. त्यानंतर १ ऑक्टोबरचे राष्ट्रीय दिनाचे संचलन झाले नाही आणि लिन यांचे नावही वृत्तपत्रांतून नाहीसे झाले. जाणकारांनी यावरून काहीतरी बिनसल्याचे ओळखले, परंतु अधिकृत कबुलीसाठी जगाला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागले. अगदी अलीकडे, जून २०२३ च्या अखेरीपासून परराष्ट्रमंत्री छिन गांग सार्वजनिक जीवनात दिसेनासे झाले. महिनाभराने त्यांना पदावरून दूर करण्यात आले, पण कारण जाहीर झाले नाही. अशा वेळी वक्ता जे कारण सांगेल, तो बहुधा त्याचा तर्कच असणार.

आता एडगर स्नो यांचे उदाहरण थोडे सविस्तर पाहू. या अमेरिकन वार्ताहराने १९३६ मध्ये चीनच्या वायव्येकडील कम्युनिस्ट तळ गाठून माओंच्या मुलाखती घेतल्या. त्यावर आधारलेल्या पुस्तकामुळे माओ प्रथमच जगाला जवळून दिसले. पुढेही स्नो यांना चीनमध्ये मिळालेला प्रवेश इतर पाश्चात्त्य पत्रकारांच्या नशिबी नव्हता. १९६० साली ते अनेक महिने चीनमध्ये फिरले. त्या काळात तेथे विसाव्या शतकातला सर्वांत भीषण दुष्काळ चालू होता. त्यातील मृतांच्या संख्येबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंतचे अंदाज मांडले गेले आहेत. स्नो यांनी मात्र परतल्यावर लिहिले की उपासमारीने मरणारी माणसे आपल्याला दिसली नाहीत.

ते खोटे बोलले असे म्हणण्याचे कारण नाही. ते ठरवून दिलेल्या वाटांनी, यजमानांच्या सोबतीने फिरले आणि दिसले ते त्यांनी सांगितले. पण ‘मला दुष्काळ दिसला नाही’ हे विधान वाचकांच्या मनात ‘दुष्काळ नाही’ असे होऊन बसले, आणि स्वतः स्नो यांनीही ही दरी पुरेशी राखली नाही. याच काळात हाँगकाँगला पोहोचणारे निर्वासित उपासमारीच्या हकिकती सांगत होते. ते माओंना कधी भेटले नव्हते. सत्तेच्या जवळ असणे म्हणजे सत्याच्या जवळ असणे, हा श्रोत्यांचा आवडता समज आहे. वक्त्याची ओळख करून देताना सूत्रसंचालक तोच अधिक घट्ट करतात, हेही लक्षात असू द्या.

स्नो यांच्याच बाबतीत याची दुसरी बाजूही दिसते. १ ऑक्टोबर १९७० रोजी माओंनी त्यांना थ्येनआनमेनच्या सज्जात आपल्या शेजारी उभे केले आणि ते छायाचित्र २५ डिसेंबरला पक्षाच्या मुखपत्रात छापून आले. अमेरिकेशी बोलायची तयारी असल्याचा तो संकेत होता. वॉशिंग्टनमध्ये तो कोणाला कळला नाही. संकेत फारच आडवळणाचा होता, अशी कबुली किसिंजर यांनी पुढे आठवणींत दिली. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन २१ फेब्रुवारी १९७२ रोजी बीजिंगला पोहोचले, तेव्हा स्नो यांचे निधन होऊन सहा दिवस झाले होते.

डिसेंबर १९७० मधील भेटीत माओ स्वतःविषयी जे म्हणाले, त्याचा स्नो यांनी दिलेला अर्थ असा होता : गळकी छत्री घेऊन जगातून एकटाच चालणारा भिक्षू. पाश्चात्त्य वाचकांना या प्रतिमेत एका वृद्ध नेत्याचे एकाकीपण दिसले. वास्तविक माओंनी एका चिनी म्हणीचा अर्धाच भाग उच्चारला होता : ‘छत्री धरलेला भिक्षू’. उरलेला अर्धा भाग ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा असतो. आपण नाही का, ‘अडला हरी’ एवढेच म्हणून थांबत? भिक्षूच्या डोक्यावर केस नाहीत आणि छत्रीमुळे वर आकाशही नाही. चिनी भाषेत ‘केस’ आणि ‘कायदा’ या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे असल्याने म्हणीचा अर्थ होतो, ‘ना कायद्याचे बंधन, ना दैवाचे’. एकाकीपणा राहिला बाजूलाच, ही तर बेगुमानपणाची घोषणा होती!

म्हणून व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे झाली, तर साधे प्रश्न विचारा. आपण तेथील लोकांशी कोणत्या भाषेत बोलत होता? दुभाषा कोणी दिलेला होता? कोठे जाण्याची परवानगी मिळाली नाही? २०२३ मध्ये भारत व चीन यांनी एकमेकांच्या वार्ताहरांचे व्हिसा वाढवून देण्यास नकार दिला आणि चीनमध्ये भारतीय वार्ताहर जवळजवळ उरले नाहीत. त्यामुळे ‘ही माहिती आपण चीनमध्ये असताना मिळाली की बाहेरून?’ हा प्रश्नही गैरलागू नाही.

प्रत्यक्ष वृत्तांत लिहिताना आपली मराठी मोठी मदत करते. ‘आहे’, ‘असणार’, ‘असावे’, ‘म्हणे’ या प्रत्येकाचे वजन निराळे आहे. वक्ता ‘असावे’ म्हणाला असेल, तर वृत्तांतात ‘आहे’ करू नका. मथळा देताना हा मोह फार होतो, कारण ‘आहे’ ने मथळा ठसठशीत होतो.

स्वयंअध्ययन : पुढील चार वाक्ये एकाच वक्त्याची आहेत असे समजा. प्रत्येक वाक्याची जबाबदारी वक्त्यावर किती आणि कशी पडते, ते चार-पाच ओळींत लिहा.

‘तेथे दुष्काळ नव्हता.’
‘तेथे मला दुष्काळ दिसला नाही.’
‘तेथे दुष्काळ नसावा.’
‘तेथे दुष्काळ नव्हता म्हणे.’