चौदा पायऱ्यांचं घर

माझ्या ताईच्या घरात शिरायचं तर चौदा पायऱ्या चढाव्या लागतात. घर तसं बैठंच. तीन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटी गॅलरी. पण ते जमिनीवर नाही, जाडजूड लाकडी खांबांवर उभं आहे. खाली गाडी, सायकली, बागेची अवजारं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शेतातला राखणीचा माळाच आठवला. म्हटलं, ‘‘अगं, पाखरं हाकायला बसतेस की काय वर?’’ ती म्हणाली, ‘‘पाखरं नाही गं, पाणी.’’

ताई राहते अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या ब्रिगंटिन नावाच्या गावात. कॅसिनोंसाठी प्रसिद्ध असलेलं अटलांटिक सिटी शहर तिथून जवळच. मधे खाडीचं तोंड आणि त्यावर १९७२ साली बांधलेला पूल. गावात यायला-जायला तेवढा एकच रस्ता! पुलाच्या पलीकडे रात्रभर दिव्यांचा झगमगाट. अलीकडे मात्र साडेआठ-नऊला सगळं चिडीचूप. भावोजी तिथल्याच एका कॅसिनोच्या हिशेबखात्यात होते. शिफ्ट संपवून दहा मिनिटांत शांत घरी यायचं, म्हणून त्यांनी हे गाव निवडलं.

गाव म्हणजे एक वाळूचं बेट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर अशी लांबट, चिंचोळी बेटं न्यूयॉर्कपासून पार फ्लोरिडापर्यंत ओळीनं पसरली आहेत. त्यांना ‘बॅरिअर आयलंड’ म्हणतात. पुढे अथांग समुद्र, मागे उथळ खाडी आणि दलदलीतलं गवत. समुद्राचा मार आपल्या अंगावर घ्यायचा आणि मागची जमीन वाचवायची, हे त्यांचं काम. (थोरल्या सुनेसारखं, असं मी म्हटलं तर ताई खळखळून हसली. ती थोरली सूनच आहे.) पण वाळू काही एका जागी टिकत नाही. लाटा इकडची उचलून तिकडे नेऊन टाकतात. म्हणून किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांवर मुद्दाम गवत लावतात, त्यावर कुणाला पाय ठेवू देत नाहीत. या किनाऱ्यावरच्या काही गावांत तर नाताळ संपल्यावर टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं वाळू अडवायला आडवी घालतात. मला ते फार आवडलं. आमचं माहेर मालवणचं. देवबागची एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी अशी चिंचोळी पट्टी लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे पाण्याची धास्ती म्हणजे काय, हे मला निराळं सांगायला नको होतं.

२०१२ ची कोजागिरी २९ ऑक्टोबरला होती. त्याच संध्याकाळी आठच्या सुमारास ‘सँडी’ वादळ किनाऱ्यावर आलं ते नेमकं ब्रिगंटिनजवळच. पौर्णिमेचं उधाण आणि वर वादळ! वादळाआधीच गव्हर्नरांनी बेटं रिकामी करायला सांगितली होती. ताई-भावोजी मुलाला घेऊन एडिसनला एका मराठी कुटुंबाकडे गेले. त्या बाईनं मसाला दूध आटवायला ठेवलं होतं. मग लाइट गेले. चंद्र काही दिसला नाही. दूध मेणबत्तीच्या उजेडात प्यायले सगळे, पण बोलत कुणीच नव्हतं म्हणे.

काही दिवसांनी परत सोडलं तेव्हा घरात चिखल, फ्रीज आडवा, लाकडी जमीन फुगून वर आलेली. ताई दारातच मटकन बसली. तेव्हा शेजारच्या आजीबाई हातमोजे घालून आल्या. स्वतःच्या घरात तीच तऱ्हा, नवरा अंथरुणावर, त्याला पुलापलीकडे बहिणीकडे ठेवून आलेल्या. त्यांनी ताईच्या लग्नाच्या अल्बममधला एकेक फोटो सुटा केला आणि दोरीवर वाळत घातला. मुंडावळ्या बांधलेले ताई-भावोजी चिमट्यांना लटकलेले! ते फोटो अजून आहेत. कडा तेवढ्या तपकिरी झाल्यात.

पुढे सरकारी मदत मिळाली, तिच्या कागदपत्रांत दीड-दोन वर्षं गेली, आणि मग ताईचं घर उचललं. अक्षरशः उचललं! खाली लोखंडी तुळया सरकवायच्या, जॅक लावून इंच-इंच वर घ्यायचं, ओंडक्यांच्या चौकटींवर तोलून धरायचं आणि खांब तयार झाले की त्यांवर टेकवायचं. घर वर गेलं की पाणी खालून निघून जातं, पुराचा विमाही कमी पडतो. आजीबाईंनी मात्र घर उचललं नाही. तेव्हा नवरा चाकाच्या खुर्चीत होता. चौदा पायऱ्या त्याला कुणी चढवायच्या?

आता तो नाही. आजीबाई एक्याऐंशीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कर्जावर घर घेतलं की बँक पुराचा विमा काढायलाच लावते. यांचं कर्ज फिटलेलं, त्यामुळे सक्ती नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हप्ते ठरवायची पद्धत बदलली, तेव्हा त्यांनी नवा आकडा पाहिला आणि विमा सोडूनच दिला. म्हणजे बघा, सुरक्षित घर हवं तर त्यात शिरता येत नाही, आणि शिरता येतं ते घर सुरक्षित नाही. मी इकडे म्हाताऱ्या बायकांचे पेन्शनचे अर्ज भरून देते, घराच्या वाटण्यांत मधे पडते. पण या आजीबाईंना काय सांगावं, मला सुचेना.

विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक आजच्या आज मिळेल. पण त्याला घर नको, जागा हवी. जुनं पाडून तिमजली बांधायचं आणि उन्हाळ्यात दोन महिने येऊन राहायचं. उन्हाळी पाहुण्यांतले जे दिवसभरापुरते येतात त्यांना इकडे ‘शूबी’ म्हणतात. पूर्वी आगगाडीनं येताना बुटांच्या खोक्यातून जेवण आणायचे म्हणे! आपल्याकडे चाकरमानी गणपतीला येतात, घरं उघडतात, ओटी सारवतात; तसाच हा गलबला. सप्टेंबर उजाडला की पुन्हा कुलपं. २००० सालच्या जनगणनेत गावात १२,५९४ माणसं होती, २०१० ला ९,४५०, आणि २०२० ला ७,७१६. २०१४ साली पलीकडचे चार कॅसिनो बंद पडले, तेव्हाही कितीतरी कुटुंबांची रोजीरोटी गेली. शांत गाव म्हणून सगळे कौतुक करतात. मी एका नोव्हेंबरच्या रात्री आमच्या गल्लीतल्या उजेडाच्या खिडक्या मोजल्या. बावीस घरं, दिवे पाच घरांत.

त्याच मुक्कामात एका सकाळी मी गॅलरीत चहा घेत होते. स्वच्छ ऊन, वारा नाही, आणि रस्त्यावर पाणी! समुद्राकडून नव्हे, मागच्या खाडीकडून, गटाराच्या जाळीतून बुडबुडत वर येत होतं. ‘‘पौर्णिमेची भरती,’’ ताई म्हणाली. १९११ पासून या किनाऱ्यावर समुद्र सुमारे दीड फूट चढलाय, थोडी जमीनही खचतेय. त्यामुळे आता वादळाचीही गरज उरलेली नाही. ताईनं गमबूट चढवले आणि आजीबाईंकडे निघाली. मीही मागोमाग. त्या दाराच्या फटीला टॉवेल लावून खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शब्दकोडं. पाणी पायरीपाशी थांबलं होतं.

‘‘चला आमच्याकडे,’’ ताई म्हणाली.

‘‘वर गेले तर उतरवणार कोण?’’

भांडण नव्हतं, पण दोघी बराच वेळ बोलल्या. ताईचा मुलगा टेक्सासमध्ये असतो, तोही तिला ‘विकून टाक’ म्हणतो. ताई साठीला आलीय, तिचेही गुडघे कुरकुरतात. सामान चढवायचा पाळणा बसवता येतो, त्यातून माणसाला न्यायचं तर निराळी लिफ्ट लागते आणि खर्च वाढतो. आजीबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘आधी मला किती पायऱ्या जमतात ते तर बघू दे.’’

तेव्हापासून त्या रोज चार वाजता ताईकडे येतात. हवा बरी असली की. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात काठी. जमेल तेवढं चढायचं आणि जिथे थांबल्या तिथेच पायरीवर बसायचं. ताई चहा खाली आणून देते. मी निघाले तेव्हा त्यांची मजल सहाव्या पायरीपर्यंत गेली होती. परवा ताईचा फोन आला. आता नववीपर्यंत येतात. ‘‘उरलेल्या पाचांसाठी अजून पावसाळी हिवाळा पडलाय,’’ म्हणाल्या, ‘‘आणि पुढच्या वेळी चहात आलं जास्त घाल.’’